गिअर पंपामागे गिअर पंप? जरा थांबा

मेन्टेनन्सवाल्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. त्याचं सार असं: मळी (मोलॅसिस) किंवा फर्नेस ऑइल लांब न्यायचं असेल तर एकाच मॉडेलचे दोन गिअर पंप एकामागे एक जोडा, दाब दोघांत निम्मा-निम्मा वाटला जाईल, आणि प्रवाह कमी करायचा असेल तर शेवटचा व्हॉल्व्ह थोडा दाबा, म्हणजे अर्धवट बंद करा. वाचायला सोपं आहे, म्हणूनच जो तो पुढे पाठवतोय.

आधी 'एकामागे एक जोडा' बघू. हे सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या पंख्याने द्रव फेकणाऱ्या, पंपाचं शहाणपण. तिथे दाब चढला की प्रवाह आपोआप घटतो, त्यामुळे दोन पंप आपसात जुळवून घेतात. गिअर पंप दर फेऱ्याला ठरलेलं माप पुढे ढकलतो, समोर काहीही असो. मागच्याने मिनिटाला १०० लिटर दिले आणि पुढच्याने ९९ उचलले, तर उरलेला लिटर जाणार कुठे? मधे दोन इंची पाइप पाच मीटर असेल तर आत साधारण १० लिटर तेल मावतं. तेल एक टक्का दाबायला जवळपास १५० बार लागतात. म्हणजे कागदावर सहा सेकंदांत दीडशे बार! प्रत्यक्षात एवढं चढत नाही, कारण तेलात हवा असते, पंप आतल्या आत थोडा मागे गळतो, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) उघडतो. पण गॅस्केट उडायला दीडशे लागतात कुठे? उलट पुढचा पंप जास्त ओढणारा निघाला तर त्याचं सक्शन (ओढणारं तोंड) उपाशी राहतं, कॅव्हिटेशन (कमी दाबाने द्रवात बुडबुडे होऊन फुटणं) सुरू होतं आणि आत खडी घातल्यासारखा आवाज येतो.

'पण मॉडेल एकच आहे ना!' असू दे. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर पूर्ण लोडला मिनिटाला साधारण १४४० फेरे फिरते, आणि लोड बदलला की आकडा हलतो. एक १४४० ला, दुसरी १४२५ ला, की आला तोच एक टक्का. त्यात एका पंपाचे गिअर चार सीझन घासलेले, दुसऱ्याचे नवे. अशी जोडणी चालते तेव्हा ती या आतल्या गळतीच्याच जिवावर चालते: मधला दाब वाढला की मागचा पंप जास्त गळतो, पुढचा कमी, आणि कुठेतरी मेळ बसतो. तो निम्म्यावरच बसेल याची हमी कोणी द्यायची? घट्ट मळीत गळती कमी, म्हणून तिथे धोका जास्त.

व्हॉल्व्ह दाबण्याबद्दल फार लिहीत नाही. प्रवाह जवळपास तेवढाच राहतो, अँपिअर चढतात, शेवटी रिलीफ उघडतो किंवा मोटर ट्रिप होते.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर दुसरा पंप घेण्याआधी पाइप बघा. घट्ट द्रव संथ वाहतो तेव्हा तेवढ्याच प्रवाहाला दाबाचा तोटा व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो. दोन इंचीची तीन इंची केलीत तर तोटा साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. दाबच जास्त हवा असेल तर टू-स्टेज स्क्रू पंप आहे. त्यात एकाच रोटरवर टप्पे असतात, भांडण होत नाही.

तरीही दोन पंप लागतातच, अशा ठिकाणी मधे टाकी ठेवा आणि दुसरा पंप टाकीतल्या लेव्हलप्रमाणे चालवा. टाकीला जागा नसेल तर पहिल्याच्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) प्रवाह ठरवा, आणि दुसऱ्याच्या सक्शनला प्रेशर ट्रान्समीटर बसवून तिथे एक-दोन बार टिकेल असा त्याचा वेग आपोआप बदलू द्या. दोघांनाही एकच स्पीड पॉट (वेग ठरवायची खुंटी) दिलंत तर व्हीएफडीचे पैसे वाया.

रिलीफ व्हॉल्व्ह दोन्ही पंपांना वेगवेगळा हवा, आणि त्याची परतीची लाइन टाकीत सोडा. स्वतःच्याच सक्शनला जोडली तर तेच तेल गोल फिरून तापत राहतं. दुसऱ्या पंपाचं शाफ्ट सील मागच्याचा दाब सोसेल का, हे ऑर्डर देण्याआधी डेटाशीटवर बघून घ्या.