चाकं उघडली की नाही, हे लेझरला कळत नाही

नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणं सुरू झाली आणि इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर विमानांविषयीच्या मेसेजांना ऊत आला. त्यातला एक ऐरोली, खारघर, घोडबंदर असा सगळीकडे फिरतोय. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर तर तो प्रोजेक्टची कल्पना म्हणून पुढे ढकलला जातो. मजकूर थोडक्यात असा:

"लहान विमानं चाकं न उघडताच धावपट्टीवर घासतात, कारण त्यांना सूचना देणारं काहीच नसतं. मोठ्या विमानात पन्नास, चाळीस, तीस असा आवाज येतो, लहानात नाही. खरं तर मोबाइलच्या जीपीएसनेही हे जमेल. नाहीतर पाच हजारांत लेझर सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि स्पीकर पोटाखाली लावा, अपघात संपले. कंपन्या आणि नियम हे होऊ देत नाहीत."

यातली एक गोष्ट खरी आहे. लेझरने उंची मोजून ती बोलून दाखवणारी यंत्रणा लहान विमानांसाठी मिळते आणि ती नीट बसवली तर चांगली चालते. बाकीचं मात्र एकेक करून तपासायला हवं, कारण यावर विसंबून कुणी खरोखर काही बसवलं तर ते धोक्याचं आहे.

"सूचना देणारं काहीच नसतं"

फ्लाइंग क्लबात नेहमी दिसणारं सेसना 172 किंवा डायमंड डीए 40 घ्या. त्यांची चाकं कायम खालीच असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. प्रश्न आहे तो चाकं आत ओढून घेणाऱ्या विमानांचा: पायपर ॲरो, सेनेका, डीए 42, टेकनाम पी2006टी. आणि त्यांच्यात सूचना असतेच. अमेरिकी नियमावलीच्या भाग 23 मधलं कलम 729, म्हणजे 2017 मध्ये तो भाग नव्याने लिहिला जाण्याआधीचं, दोन अटी घालत होतं. थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमीजास्त करणारा दांडा) उतरतानाच्या नेहमीच्या पातळीखाली ओढलं आणि चाकं पूर्ण उघडून लॉक झालेली नसली, तर हॉर्न सतत वाजला पाहिजे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) अप्रोचच्या, म्हणजे उतरायला धावपट्टीकडे येतानाच्या, कमाल मर्यादेपुढे सोडले आणि चाकं लॉक नसली, तरीही वाजला पाहिजे. पहिला हॉर्न तात्पुरता बंद करता येतो, पण थ्रॉटल पुन्हा मागे घेतलं की तो परत जागा व्हावा लागतो. दुसऱ्याला बंद करायचं बटणच द्यायचं नाही.

मग चाकं बंद ठेवून विमानं उतरतात कशी? इथे मेसेजने खरा मुद्दा सोडून दिला आहे. ॲरोमध्ये हॉर्न वाजतो तो मॅनिफोल्डचा दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, पाऱ्याच्या इंचांत मोजलेला; यावरून पॉवर कळते) साधारण 14 इंचांच्या खाली आला की. शेवटच्या टप्प्यात 15-17 इंच पॉवर धरून येण्याची सवय असलेला वैमानिक थ्रॉटल पूर्ण मागे घेतो तो थेट धावपट्टीवर, 10-15 फुटांवर. 75 नॉट वेग आणि 3 अंशांचा उतार धरला तर विमान मिनिटाला सुमारे 400 फूट, म्हणजे सेकंदाला साडेसहा फूट खाली येतं. हातात उरले दोन सेकंद. ॲरोची चाकं पूर्ण उघडायला सुमारे 7 सेकंद लागतात. हॉर्न नियमाप्रमाणेच वाजला, फक्त उशिरा.

आणखीही काही ठिकाणी तो फसतो. थ्रॉटलच्या केबलजवळचा मायक्रोस्विच एखाद्या दुरुस्तीत जरासा सरकतो आणि हॉर्न 14 ऐवजी 11 इंचांवर वाजू लागतो. वार्षिक तपासणीत विमान जॅकवर चढवून चाकं आत-बाहेर केली जातात, पण त्या वेळी इंजिन बंद असतं आणि दाबाचा काटा काही सांगत नाही. म्हणून उडताना, सुरक्षित उंचीवर, चाकं वर ठेवून थ्रॉटल सावकाश मागे घ्यायचं, कितीला वाजला ते लिहून ठेवायचं आणि त्यावरून थ्रॉटलवर खूण करून जमिनीवर स्विच जुळवायचा. हॉर्न छतातल्या स्पीकरवर असेल आणि कानाला आवाज दाबणारा हेडसेट असेल, तर तो क्षीण ऐकू येतो. तो ऑडिओ पॅनलच्या कधीही म्यूट न होणाऱ्या इनपुटला जोडलेला हवा. स्टॉलचा (वेग कमी होऊन पंखांचा आधार सुटत असल्याचा) आवाज आणि चाकांचा आवाज यांची गल्लत होते, तीही नेमकी फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलताना, जेव्हा स्टॉलचा आवाज अपेक्षितच असतो. आणि हिरवे दिवे! पायपरमध्ये पॅनलचे दिवे चालू असले की चाकांचे तीन हिरवे दिवे आपोआप मंद होतात. भर दुपारी ते विझल्यासारखेच दिसतात. मग "आज दिवा गेलेला दिसतो" असं म्हणून न दिसणाऱ्या हिरव्याची सवय लागते, आणि ही सवय फार वाईट.

"मोबाइलचं जीपीएस पुरेल"

नाही पुरणार. उपग्रह आधी उंची सांगतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. आपल्या भागात समुद्राची खरी पातळी त्या लंबगोलाच्या 60 मीटरहून अधिक खाली आहे. ती दुरुस्ती न करणारं ॲप वाशीच्या खाडीकाठी उणे साठ-पासष्ट मीटर दाखवेल. दुरुस्ती केली तरी उभ्या दिशेची चूक काही मीटरांची राहते, आणि समुद्रापासूनची उंची कळली तरी खालची जमीन किती वर आहे हे कळलेलं नसतंच. गगन या आपल्या उपग्रह पूरक प्रणालीची अचूकता मोबाइलपेक्षा कितीतरी सरस. तरीही तिच्या आधाराने अप्रोच करताना सुमारे 250 फुटांच्या खाली डोळ्यांनी धावपट्टी दिसलीच पाहिजे. मेसेजला हवे आहेत ते आकडे नेमके त्याखालचे.

मोबाइलमधल्या दाबमापकाचं आणखी अवघड. समुद्रसपाटीजवळ 1 हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे 27 फूट. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत तो तीनेक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे वाशीत टेबलावर ठेवलेला फोन जागचा न हलता ऐंशीएक फूट "चढतो". शिवाय उडत्या विमानाच्या केबिनमधला दाब बाहेरच्या स्थिर दाबाएवढा नसतो. खिडकीची झडप उघडली की तो बदलतो.

"पाच हजारांचा लेझर"

आर्डुइनोसोबत मिळणारे तळहातावरचे सेन्सर 8 किंवा 12 मीटरचे असतात, आणि तो आकडा घरात, पांढऱ्या भिंतीसमोरचा. धावपट्टीचं डांबर पांढऱ्या भिंतीच्या तुलनेत फारच थोडा प्रकाश परत पाठवतं. त्यावर 8 मीटरचा सेन्सर अडीच-तीन मीटरवरच गळपटतो. वर ऊन असेल तर आणखी आधी. समजा पूर्ण 8 मीटर मिळाले. ते झाले 26 फूट, म्हणजे जमिनीला चार सेकंद उरलेत. चाकांना हवे सात.

चाकांची सूचना उपयोगी पडायची तर ती किमान 200 फुटांवर मिळाली पाहिजे, म्हणजे तीस सेकंद हाताशी राहतात. त्यासाठी ऊन तापलेल्या डांबरावर 60 मीटरच्या पुढे भरवशाने मोजणारा लेझर लागतो. असे स्पंदित लेझर मिळतात, पण ते पाच हजारांच्या हिशेबात बसत नाहीत. आणि सूचना 50 फुटांवर आली, तर चाकं सोडायची नाहीत, पॉवर देऊन वर जायचं. अर्धवट उघडलेल्या चाकांवर टेकणं पोटावर टेकण्याइतकंच वाईट.

सेन्सर चांगला घेतला तरी खरं काम पुढेच आहे. परावर्तन आलंच नाही तर काही सेन्सर शून्य पाठवतात, आणि भोळा प्रोग्राम हवेत असतानाच "दहा!" म्हणून ओरडतो. "वाचन नाही" आणि "शून्य उंची" या दोन वेगळ्या अवस्था मानाव्याच लागतात. पावसाळ्यात धावपट्टीवर साचलेलं पाणी आरशासारखं वागतं: विमान थोडं कललेलं असलं की किरण भलतीकडेच जातो. ओलं डांबर कोरड्याहून काळं, म्हणून पल्ला आणखी घटतो. पावसाचे थेंब वाटेतच खोटं परावर्तन देतात. ते गाळायला सरासरी काढावी, तर एका सेकंदाच्या सरासरीमागे आकडा तीन-चार फूट शिळा होतो. त्यात एमपीथ्री मॉड्यूलला कार्डावरून फाइल उघडायला लागणारा वेळ मिळवा. "दहा" ऐकू येईपर्यंत विमान सहा फुटांवर आलेलं असतं. 50 फुटांवर हे चालून जाईल, 10 वर नाही. म्हणून खालच्या आकड्यांसाठी गाळणी छोटी ठेवायची, आवाज मेमरीत आधीच भरून ठेवायचा, आणि उतरण्याच्या वेगावरून शब्द किंचित आधी सुरू करायचा.

बसवण्याची जागाही महत्त्वाची. लहान विमानाच्या पोटावर इंजिनचं तेल आणि काजळी यांचा पट्टा उमटतो. त्या रेषेत लेन्स बसवली तर काही उड्डाणांत ती आंधळी होते. उघडलेलं चाक किंवा त्याचं दार किरणाच्या वाटेत येऊ नये. सेन्सर मुख्य चाकांच्या 2 मीटर मागे असेल, तर फ्लेअरमध्ये नाक 6 अंश वर गेल्यावर तो चाकांच्या मानाने 20 सेंटीमीटर खाली येतो. शून्य जमिनीवर उभं असताना धरायचं की हवेत चाकांचे ऑलिओ स्ट्रट (धक्के झेलणारे दांडे) पूर्ण लांबलेले असताना, हेही आधी ठरवून घ्यायचं. 30 अंश कललेल्या वळणात 200 फुटांचं वाचन म्हणजे खरी उंची 173.

"आवाज आला की वैमानिक चाकं उघडणारच"

22 मे 2020, कराची. पाकिस्तान इंटरनॅशनलचं ए320 पहिल्या प्रयत्नात चाकं वर असतानाच धावपट्टीवर इंजिनांवर घासलं, पुन्हा उडालं आणि वस्तीवर कोसळलं. विमानातले 97 जण गेले, जमिनीवरही जीव गेला. त्या विमानात बोलणारी उंची होती, जमीन जवळ आल्याची सूचना होती, इशाऱ्याच्या घंट्या वाजत होत्या. चाकं आधी खाली सोडून नंतर पुन्हा वर घेतली गेली होती. गडबडीत, वेगात, उंच आलेल्या अप्रोचवर कानाला ऐकू येतं, पण मेंदू ते टिपत नाही.

म्हणून मोठ्या विमानातली यंत्रणासुद्धा नुसत्या उंचीवर चालत नाही. "टू लो, गिअर" हा इशारा रेडिओ उंची (रेडिओ लहरींनी मोजलेली, जमिनीपासूनची) 500 फुटांखाली, वेग साधारण 190 नॉटच्या खाली आणि चाकं खाली नाहीत, हे सगळं जुळल्यावरच येतो. लहान विमानातही तेच: उंची लेझरकडून, वेग पिटोकडून (हवेच्या दाबावरून वेग सांगणारी नळी), चाकांची स्थिती लॉकच्या स्विचकडून. उड्डाण करून वर जाताना चाकं आत घेतली की 200 फुटांवर इशारा वाजायला नको. त्यासाठी यंत्रणा आधी काही काळ पल्ल्याबाहेर असली पाहिजे आणि मग खाली येत असली पाहिजे, तरच ती जागी व्हावी. एकदा बोललेला आकडा पुन्हा बोलायचा तो विमान पुरेसं वर जाऊन परत आल्यावरच, नाहीतर झाडं-इमारतींवरून जाताना ती बडबडत राहते. जी यंत्रणा उगाच बोलते तिचा सर्किट ब्रेकर एक दिवस कुणीतरी ओढून ठेवतं.

पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या विमानात तर "चाकं खाली घ्या" हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. पाण्यावर चाकं खाली असली तर विमान उलटतं. तिथे यंत्रणा फक्त स्थिती सांगते, "चाकं वर, पाण्यासाठी" किंवा "चाकं खाली, धावपट्टीसाठी", आणि वैमानिकाला बटण दाबून ते मान्य करायला लावते. खाली पाणी आहे की डांबर, हे तिथे माणसालाच ठरवायचं असतं.

"नियम अडवतात"

डीजीसीए या आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या चौकटीत मंजूर आराखडा आणि परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही यांशिवाय विमानात काही बसवता येत नाही. त्यामागे कारणं आहेत. विमानाचा पुरवठा 14 किंवा 28 व्होल्टचा असतो आणि स्टार्टर, पंप, मोटर चालू-बंद होताना त्यावर जोरदार झटके येतात. आर्डुइनो नॅनोच्या रेग्युलेटरला 12 व्होल्टच्या वर घाम फुटतो. स्वस्त बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या विमान रेडिओत खरखर ओततो, म्हणजे टॉवरचा आवाज दबतो. आणि सर्वांत वाईट: लॉकच्या स्विचची तार थेट बोर्डाला जोडली आणि बोर्ड शॉर्ट झाला, तर विमानाचे मूळ हिरवे दिवेच जातात. ऑप्टोकपलर (तार न जोडता प्रकाशातून संकेत पोचवणारा भाग) आणि स्वतंत्र फ्यूज यांनी तो भाग वेगळा केलेलाच हवा. विमानातल्या उपकरणांसाठीच्या डीओ-160 या मानकाच्या चाचण्या तापमान, कंपन, व्होल्टेजचे झटके आणि रेडिओ गोंगाट हेच तपासतात.

प्रोजेक्ट करणाऱ्यांनी तो जरूर करावा, पण जमिनीवर. दहा मजली सोसायटीची गच्ची म्हणजे सुमारे 30 मीटर. क्लास 1 चा, म्हणजे डोळ्यांना सुरक्षित, लेझर घ्या. कठड्याबाहेर दीड-दोन मीटर निघणारी काठी पक्की बांधा, कारण 2 अंशांचा किरण खाली पोचेपर्यंत मीटरभर रुंद होतो आणि भिंतीलाच अडतो. काठीला दोरी लावून सेन्सर वेगवेगळ्या उंचीवर सोडा आणि प्रत्येक वेळी टेपने मोजलेलं अंतर शेजारी लिहा. खाली डांबरी रस्ता असू द्या. दुपारी बारा, संध्याकाळ, टँकरने धुतल्यावरचा ओला रस्ता, साचलेलं पाणी, पावसाची सर, अशा प्रत्येक वेळी शंभर वाचनं घ्या. त्यातली किती आलीच नाहीत तो स्तंभ वेगळा ठेवा. सेन्सर 10 आणि 20 अंश तिरका करून पुन्हा मोजा. ड्रोनला टांगून करायचा विचार असेल, तर आधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या डिजिटल स्काय नकाशावर आपला पत्ता पाहा. उलवे-पनवेलच्या बाजूला राहत असाल तर बहुधा गच्चीवरच थांबावं लागेल.