कडप्पा की मॉड्युलर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की स्वयंपाकाच्या ओट्याखालचे खण मॉड्युलर, म्हणजे कारखान्यात कापलेल्या लाकडी खोक्यांचे, न करता तिथे कडप्पाच (काळ्या दगडाच्या लाद्या) घाला हा माझा सल्ला गावच्या घराच्या मायेतून आलाय, फ्लॅटला तो लागू नाही. कडप्प्यात झुरळं होतात, ट्रॉल्या नीट बसत नाहीत, आणि "अकराव्या मजल्यावर पूर येत नाही". यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. लेखात मी त्या लिहायला हव्या होत्या.

कडप्प्यावर बिजागरी बसत नाही, म्हणून सुतार पुढून लाकडाची नाहीतर प्लायची चौकट करतो. ती दोन्ही बाजूंनी खणात येते, चॅनेल (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या) तिच्याही आत घ्यावे लागतात, तेवढी ट्रॉली अरुंद होते. त्यात गवंड्याने उभे केलेले कडप्पे ओळंब्यात असतीलच असं नाही. खण पुढे २१ इंच आणि मागे साडेवीस भरला की ट्रॉली अडकलीच, मग सुतार पट्ट्या ठोकत बसतो. कारखान्यात कापलेल्या खोक्याला हा त्रास नाही. चौकटच नसते, १८ मिलिमीटरच्या बाजूवर थेट चॅनेल आणि बिजागऱ्या. झुरळांचंही तसंच: कडप्पा आणि भिंत यांच्यातली फट सिमेंटने नीट भरली नाही, तर ती तिथे ठाण मांडतात.

पुराबद्दल मात्र तुमचं म्हणणं पटत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. माझ्या मावशीचा ओटा कडप्प्याचा. शटरं गेली, पण गाळ उपसून, पाइप लावून धुतल्यावर त्याच खणांत डबे परत लागले. हे गावचं झालं. पण माझं पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे नदी आली नव्हती. सिंकखालच्या पाइपाचा नट थेंब थेंब गळत होता आणि पुढे क्लिनरच्या बाटल्या असल्याने कित्येक महिने कुणाला दिसलं नाही. एका सकाळी शटर उघडलं, ते वरच्या बिजागरीसकट हातात आलं. स्क्रूच्या आट्यांत ओला भुसा अडकलेला. तळाची फळी अंगठ्याने दाबली तर भिजवलेल्या पोह्यांसारखी दबली.

ते पार्टिकल बोर्ड होतं. वरचं लॅमिनेट पाणी अडवतं, पण कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की दाबून बसवलेला भुसा फुगतो, आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. आमच्याकडे समोरच्या कडांना पट्टी होती, भिंतीकडच्या कडा उघड्याच. पाइपासाठी जागेवर पाडलेलं भोकही तसंच.

म्हणून माझं मत आता थोडं बदलून सांगतो. ओट्याखाली सगळीकडे कडप्पा हवाच, हा आग्रह मी सोडतो. पण सिंकचा खण बाकीच्यांसारखा करू नका. तिथे कडप्पा घाला, नाहीतर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय, आणि त्याच्याही सगळ्या कडा, भोकांसकट, बंद करून घ्या. बाकी ट्रॉल्यांना प्लायची खोकी चार इंची पायांवर घ्या. खाली झाडू फिरतो आणि लादी पुसताना पाणी लागत नाही. वरची कपाटं कारखान्यातलीच करा, तिथे तुमच्याशी माझा वाद नाही. फक्त शेगडीच्या वर वाफ लागते, तिथे बोर्ड टाळा.

तुमच्या कोटेशनवर नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलं असेल, तर प्लायचा प्रकार, जाडी आणि मागच्या कडांची पट्टी या तिन्ही गोष्टी लिहून घ्या. सिंकच्या खणाचं माप कळवलंत, तर तिथे कडप्पा बसतो का ते सांगतो. वॉटर प्युरिफायर त्याच खणात ठेवणार असाल, तर तेही लिहा.