नासाने संस्कृतला एआयची भाषा ठरवलं? मूळ लेखात काय आहे ते बघा

काल फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आला, की संस्कृत ही कॉम्प्युटर आणि एआयसाठी सगळ्यात योग्य भाषा असं नासाने जाहीर केलंय, संस्कृतमध्ये एका वाक्याचे दोन अर्थ होतच नाहीत, आणि अंतराळवीरांना मेसेज संस्कृतमध्येच जातात कारण शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ तोच राहतो. माझा पाणिनीवर जीव आहे, म्हणूनच हे वाचून वाईट वाटतं.

नासाने काहीही जाहीर केलेलं नाही. १९८५ साली 'एआय मॅगझीन'मध्ये रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख आला, तो नासाच्या एम्स सेंटरमधल्या एका संस्थेत होता, एवढाच काय तो नासाचा संबंध. आणि लेख चांगलाय हो! त्यात एक वाक्य घेतलंय, मैत्र नावाचा माणूस मैत्रीखातर देवदत्तासाठी भांड्यात विस्तवावर भात शिजवतो. आपले वैयाकरण शिजवण्याची क्रिया मधे ठेवून कोण, काय, कुणासाठी, कशात, कशाने अशी एकेक नाती, म्हणजे कारकं, सोडवत जातात, आणि एआयवाले तेव्हा वाक्याचा अर्थ साठवायला बाणांची जी जाळी काढायचे ती जवळपास तशीच दिसते, हे त्याने दाखवलं. संस्कृतमध्ये प्रोग्राम लिहा असं तो म्हणतच नव्हता.

दोन अर्थ होत नाहीत म्हणता? मग 'श्वेतो धावति' घ्या. पांढरा धावतोय असाही अर्थ होतो आणि 'श्वा इतः' अशी संधी सोडवली तर कुत्रा इथून धावतोय असाही होतो, हे उदाहरण आपल्याच व्याकरण परंपरेतलं आहे, आणि संधी सोडवणं हे कॉम्प्युटरला खरंच जड जातं.

अंतराळातल्या मेसेजचं तर साफ चूक. तिथे जातात ते शून्य आणि एक, वाटेत बिघडतात ते बिट, शब्दांची अदलाबदल होत नाही. १९८६ ला नासाच्या व्हॉयेजर २ यानाने युरेनसचे फोटो पाठवले तेव्हा चुका दुरुस्त करायला रीड-सॉलोमन कोड होता, म्हणजे शुद्ध गणित. आणि शब्द हलवायचेच तर 'आंबा खाल्ला रामाने' मराठीतही चालतंच की.

आजचं एआय तर त्या जाळ्यांवर उभंच नाही, ते न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती रचनेवर चालतं, २०१७ साली ट्रान्सफॉर्मर नावाची तिची नवी पद्धत आल्यावर तर ढिगाने मजकूर वाचून शिकतं, आणि नेटवर संस्कृत मजकूर इंग्रजीच्या मानाने अगदी थोडा आहे.

खरं कौतुक वेगळंच आहे. सुमारे ४,००० सूत्रांत पाणिनीने अख्ख्या भाषेचे नियम बसवले, ते बघून १९६७ साली पीटर इंगरमन यांनी सुचवलं होतं की प्रोग्रामिंग भाषांचे नियम लिहायची जी बॅकस पद्धत आहे तिला पाणिनीचं नाव द्या. आणि आयआयटी कानपूरच्या लोकांनी हीच कारकं घेऊन भाषांतराचं 'अनुसारक' सॉफ्टवेअर बनवलं, त्यात मराठीतून हिंदीत नेण्याचंही काम होतं.