ग्राफिक्स कार्ड ही भाजायची वस्तू नाही

‘दुकानदार हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशा सुरुवातीचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातली सांगणी अशी: पडद्यावर रेघा किंवा रंगीत चौकोन दिसले की ग्राफिक्स कार्ड (संगणकाचं चित्र तयार करणारा भाग) गेलं. मग पंखे, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर १० मिनिटं ठेवा, सोल्डर (भाग बोर्डाला जोडणारा धातू) वितळून जोड पक्के होतात. तापमान ८०च्या वर गेलं तर कार्ड शेवटच्या घटका मोजतंय. तासभर फरमार्क (कार्डावर ताण टाकणारा चाचणी प्रोग्राम) चाललं तर कार्ड ठणठणीत. आणि हो, कार्डाच्या कडेच्या सोनेरी पिना खोडरबराने घासा. माझ्या भाच्याने हा मेसेज मला पाठवला तो हीटसिंकचे स्क्रू काढून झाल्यावर! म्हणून हा खटाटोप.

आधी ओव्हन. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्समधून शिशाचं सोल्डर जवळपास हद्दपार झालं. आज कार्डावर असतं ते कथील, चांदी आणि तांब्याचं मिश्रण. ते वितळायला लागतं २१७ अंशांच्या आसपास. जुनं शिशाचं १८३ला वितळायचं. म्हणजे २००वर या कार्डातलं सोल्डर वितळतच नाही. मेसेजचा पायाच तिथे खचतो.

‘मग २३० ठेवू’ म्हणणारेही निघतात. कारखान्यात बोर्ड २१७च्या वर असतो तो जेमतेम एक ते अडीच मिनिटं, तेही चढउतार मोजून-मापून. घरच्या ओव्हनचा काटा आणि आतलं खरं तापमान यांचा मेळ नसतो. दहा मिनिटांत द्रव भरलेले कपॅसिटर फुगतात, सॉकेटचं प्लास्टिक वाकतं, सोल्डर खरंच पातळ झालं तर खालच्या बाजूचे जड भाग गळून पडू शकतात. वर तो सगळा धूर त्याच ओव्हनमध्ये, जिथे उद्या नानकटाई भाजायची.

तरी काही कार्डं भाजल्यावर चालू झाली, हे मान्य करावं लागतं. का झाली, ते ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्याच कागदात सापडतं. २ जुलै २००८ रोजी कंपनीने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या तिच्या काही चिप पॅकेजिंगच्या कमकुवत साहित्यामुळे निकामी होताहेत, आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. म्हणजे दोष बोर्डावरच्या सोल्डरमध्ये नव्हता, चिपच्या पोटात होता. सिलिकॉन आणि त्याखालची तबकडी जोडणाऱ्या बारीक गोळ्यांना तडे जायचे. उष्णतेने सगळं थोडं प्रसरण पावतं, तडा तात्पुरता टेकतो, चित्र येतं. काही दिवसांनी पुन्हा काळा पडदा. ‘भाजून बरं झालं’चे बरेच किस्से याच काळातले आहेत.

आजच्या कार्डांत बिघाड अनेकदा मेमरी चिपमध्ये किंवा वीजपुरवठ्याच्या भागात असतो. बरा कारागीर हॉट एअर स्टेशनवर (गरम हवेच्या झोताने सोल्डर वितळवणारं यंत्र) एक मेमरी चिप काढून दुसरी बसवू शकतो. भाजून वाकलेल्या बोर्डावर त्यालाही काही करता येत नाही, आणि वॉरंटी तर गेलेलीच.

आता रेघांचं. रेघा म्हणजे कार्ड गेलं, हे साफ चूक. रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडून बघा. त्यात रेघा नसतील तर आधी केबल बदला, मग मॉनिटर. स्क्रीनशॉटमध्येही असतील तर कार्ड किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). आता मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा) जा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालूच नसतो, त्यामुळे तिथेही चौकोन दिसले तर संशय हार्डवेअरवर. बायोस स्वच्छ असेल तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू हा ड्रायव्हर पुसणारा प्रोग्राम चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, नवा टाका.

तरीही गेममध्ये चौकोन येतात? कार्डाचा वेग बदलणाऱ्या आफ्टरबर्नर प्रोग्राममध्ये मेमरीचा वेग ५०० मेगाहर्ट्झने उतरवा. चौकोन गायब झाले तर बहुतेक मेमरीच. मग ओसीसीटी या चाचणी प्रोग्रामची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी लावा. तिथे चुकांचा आकडा शून्याखेरीज दुसरा चालत नाही.

खेळताना मशीन एकदम बंद पडत असेल तर कार्डाआधी पॉवर सप्लायकडे बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. डिस्प्ले ४१०१ म्हणजे ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या सॉकेटमधून १५०. कार्डाला अशी दोन सॉकेटं असतील तर एकाच केबलची दोन शेपटं लावू नका, सप्लायपासून दोन वेगळ्या केबली ओढा.

८० अंशांची भीती बिनबुडाची. आरटीएक्स ३०८० या कार्डाची कमाल मर्यादा एनव्हिडियाच ९३ अंश सांगते. चिपच्या गाभ्याचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांत ३० अंशांचा फरक पडू लागला तर मात्र चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळलेली असू शकते.

फरमार्क मुख्यतः चिप तापवतं आणि वीज ओढतं. मेमरीचे सगळे कोपरे ते तपासत नाही. पास झालं म्हणून कार्ड निर्दोष ठरत नाही.

राहता राहिलं खोडरबर. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. दमट हवेत पिनांवर थर बसतो आणि पांढऱ्या मऊ खोडरबराने तो निघतो. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासत बसलात तर तोही जातो, आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं वापरा. बऱ्याचदा गुण येतो तो कार्ड काढून पुन्हा नीट बसवल्याने, आणि श्रेय खोडरबराला मिळतं.