आवाज न करणारी डिस्क

काकांच्या कारखान्यात जे यंत्र आवाज करत नाही ते बंद आहे, असं धरून चालतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली ती शेड. माग चालू असले की शेजारच्याशीही खुणांनीच बोलायचं. तिथल्या काचेच्या केबिनमध्ये नव्वदच्या दशकातला एक 486 कॉम्प्युटर आहे आणि चादरींची सगळी बिलं त्याच्यावर निघतात. त्याची हार्ड डिस्क दिवाळीत खाकरायला लागली तेव्हा काका खूश होऊन म्हणाले, "बघ, अजून दम आहे." सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली तोवर ती विव्हळायला लागली होती. मग मला फोन आला. घरात इंजिनिअर असल्यावर फोन त्यालाच येतो. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पण हा तपशील आमच्याकडे कुणाला महत्त्वाचा वाटत नाही.

नवा कॉम्प्युटर घ्या, हे सुचवून झालं होतं. पण त्या डब्यात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटवणारं हे कार्ड आयसा स्लॉटमध्ये बसतं, आणि दुकानात मिळणाऱ्या आजच्या मदरबोर्डांवर तो स्लॉट नसतो. ज्या मुलानं फॉक्सप्रोमध्ये बिलांचा प्रोग्राम लिहून दिला तो सध्या कॅनडात असतो आणि काकांचा फोन उचलत नाही. थोडक्यात, डबा तोच ठेवायचा आणि फक्त डिस्क बदलायची.

यावर जुन्या कॉम्प्युटरांच्या नादी लागलेल्यांचा ठरलेला तोडगा म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. सॅनडिस्कनं 1994 मध्ये ते आणलं. जुन्या आयडीई डिस्कची बोली त्याला जन्मतःच येते. मध्ये एक साधा अडॅप्टर लावला की कॉम्प्युटरला वाटतं, हार्ड डिस्कच आली. मी अडॅप्टर आणि 16 जीबीचं कोरं कार्ड मागवलं. काकांनी आकडा ऐकून समाधानानं मान डोलावली. एवढ्या जागेत पुढच्या सात पिढ्यांची बिलं मावणार होती.

कॉम्प्युटरनं कार्ड ओळखायला घेतलं आणि तो तिथंच गोठला. तसा बिचाऱ्याचा दोष नव्हता. बायोस म्हणजे चालू होताच डिस्क ओळखणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. त्या काळच्या बायोसला 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर (डिस्कवरच्या जागेचे पत्तेच म्हणा) यापलीकडं मोजता येत नाही. सेक्टर 512 बाइटचा. गुणाकार 52 कोटी 84 लाख 82 हजार 304 बाइट, म्हणजे साधारण 528 एमबी. पुढचं जग त्याच्या लेखी नाहीच. गंमत म्हणजे कार्डाच्या आत ना सिलिंडर असतो, ना हेड, ना फिरणारी तबकडी. कॉम्प्युटरचं मन राखायला ते हे आकडे चक्क थापा म्हणून सांगतं.

म्हणजे मला मोठं नको, लहान कार्ड हवं होतं. आता हे दुकानदाराला समजावून बघा! "दादा, चौसष्ट घ्या की, शंभर रुपयांचा तर फरक," असं ऐकत मी अख्खी नवी पेठ पालथी घातली. शेवटी एका फोटो स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये 512 एमबीचं कार्ड सापडलं. लग्नाच्या फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यांत एकेकाळी हीच कार्डं असायची. स्टुडिओवाल्यानं ते दिलं, पण देताना चेहरा पाडून म्हणाला, "यात कुणाचं तरी लग्न असायची शक्यता आहे. पार्टीनं अल्बम नेलेला नाही अजून."

कार्ड बसवलं. अडॅप्टरवरचा लाल दिवा केबल दाबली की लागायचा, सोडली की जायचा. भिंग लावून पाहिलं तर वीज घेणाऱ्या चार पिनांपैकी एकीभोवती टाकाची बारीक गोल चीर होती, केसाएवढी. ड्राय सोल्डर. सात रस्त्याजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं ती पिन डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा डागली आणि मग अर्धा तास मला फ्लॅटच्या कॉलमला तडे का जातात ते विचारलं. आठवडाभरात माझ्या शिक्षणाला आलेला तो एकमेव प्रश्न.

दिवा लागला. आता जुनी आणि नवी अशा दोघी एकाच पट्टीच्या केबलवर जोडून बिलं इकडून तिकडं न्यायची होती. एकीला मास्टर करायचं, दुसरीला स्लेव्ह. जुन्या डिस्कवर मात्र 'एकटी असेल तर' आणि 'जोडीला कुणी असेल तर' यांचे जंपर, म्हणजे पिनांवर बसवायच्या टोप्या, लावायच्या जागा वेगळ्या; एकटीच्या जंपरवर ती दुसरीला ओळखच देत नाही. डबा द्यायला आलेल्या काकू हे ऐकून म्हणाल्या, "दोघी जावा आहेत का रे?" तांदळाच्या दाण्याएवढा तो जंपर चिमट्यातून निसटून जमिनीवरच्या कापसाच्या भुरक्यात गेला, तेव्हा अख्खं केबिन झाडून काढावं लागलं. त्यात काकांची हरवलेली कवळीची डबी मिळाली, ही जमेची बाजू.

फॉरमॅट करताना पडद्यावर इशारा आला की, न काढता येणाऱ्या डिस्कवरचं सगळं नष्ट होईल, पुढं जायचं का? ही न काढता येणारी डिस्क दोन मिनिटांपूर्वी माझ्या शर्टाच्या खिशात होती. त्या अनोळखी जोडप्याची मनातल्या मनात माफी मागून मी वाय दाबला. बिलं आली, फाइली मोजून झाल्या, जुनी डिस्क काढली, कॉम्प्युटर चालू केला. वरच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकायला लागली आणि लुकलुकतच राहिली.

इथं कॅमेरा नडला. कार्डाच्या पहिल्या सेक्टरमध्ये कॅमेऱ्यानं स्वतःची नोंद करून ठेवली होती, पण कॉम्प्युटर सुरू करायची चार ओळींची आज्ञा तिथं नव्हती. कॅमेऱ्याला ती कशाला लागते? आणि तिथं आधीच सही-शिक्का दिसला की एफडिस्क, म्हणजे डिस्कची वाटणी करणारा डॉसचा प्रोग्राम, आपण होऊन ती आज्ञा लिहीत नाही. त्याला एफडिस्कपुढं तिरकी रेघ आणि एमबीआर असं वेगळं सांगावं लागतं. सांगितलं. डॉस आली. एवढ्या पटकन आली की काका चष्मा शोधत होते.

"चालू कर की बे," काका म्हणाले.

"चालूच आहे, काका."

"मग आवाज कुठंय?"

माग दुरुस्त करणाऱ्या अण्णा जॉबरला बोलावलं गेलं. कुठल्या मागाचा धोटा अडकतोय हे अण्णा शेडच्या दारातूनच सांगतात. त्यांनी कॅबिनेटला कान लावला आणि निकाल दिला, "मालक, यात काय नाही." मी त्यांना मागावर नक्षी काढणाऱ्या जेकार्डची आठवण करून दिली. पुठ्ठ्याला भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही. 1804 पासून जग नक्षी अशीच लक्षात ठेवतंय. या कार्डातही तेच, फक्त भोकाच्या जागी कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन.

"निसटत नाहीत का?"

"निसटतात, पण वर्षानुवर्षांनी. उन्हात जरा लवकर."

सोलापुरात बसून हे बोलायला नको होतं. काकांनी त्याच संध्याकाळी लाल चोपडीत सगळी येणी हातानं उतरवून काढली.

उरली बॅटरी. मदरबोर्डवरची निळी पिंपाच्या आकाराची बॅटरी पाझरून हिरवी पडली होती, ती कापून टाकली. त्या जातीची नवी येईपर्यंत कॉम्प्युटर रोज रात्री डिस्कचे आकडे विसरणार आणि रोज सकाळी ते भरावे लागणार. काकांनी 993, 16, 63 असं देव्हाऱ्याखाली खडूनं लिहून ठेवलंय आणि उदबत्ती लावून झाली की ते बिनचूक भरतात. तारीख मात्र भरत नाहीत. "कॅलेंडर आहे की समोर," म्हणतात. डॉसला तारीख कुणी सांगितली नाही तर ती 1 जानेवारी 1980 धरते, त्यामागचं तिला काही माहीतच नाही.

परवा डॉट मॅट्रिक्सवर चादरींचं बिल कर्रकर्र करत निघालं. हुबळीच्या पार्टीचा फोन आला. बिल मिळालं, मराठी छान उमटलंय, फक्त तारखेप्रमाणं 1980 चा भाव लावून द्या. काका अजून फोनवर आहेत.