मूळ परीकथेच्या रक्षकांसाठी

हल्लीच्या पुस्तकांत हिमगौरी बुटक्यांना भांडी घासायला लावते, सिंड्रेला राजपुत्राला नकार देऊन स्वतःचं दुकान काढते, आणि नात हे सगळं मिटक्या मारत वाचते. तुमचा जीव कासावीस होणारच. शेकडो वर्षांच्या गोष्टींना या स्त्रीवादी बायकांनी हात लावायचा म्हणजे काय! तेव्हा मूळ गोष्ट जपायचा विडा उचलाच. पथ्य एकच: मूळ गोष्ट उघडून बघायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

निद्रिस्त राजकन्येचंच घ्या. राजपुत्राने चुंबन घेतलं, ती जागी झाली, इथेच थांबा. सतराव्या शतकातल्या नेपल्सच्या बाझीले या कथाकारापर्यंत मागे गेलात तर पंचाईत आहे. तिथे येणारा राजा चांगला बायकोवाला. झोपलेल्या मुलीशी कार्यभाग उरकून तो घरी जातो आणि तिला विसरूनही जातो. तिला जुळं होतं तेव्हाही ती झोपलेलीच! जागी होते ती बाळाने तिचं बोट चोखल्यामुळे, कारण बोटात रुतलेलं कुसळ त्याने निघतं. हे नातीला कसं सांगणार?

जर्मन परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंची राजकन्या बेडकाचा मुका वगैरे घेत नाही. वैतागून त्याला भिंतीवर आपटते, आणि त्याचा राजपुत्र होतो. यातून मुली काय शिकतील, याचा विचारही नको.

आता कुणी म्हणेल, ग्रिमांनीही गोष्टी बदलल्याच की. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९मध्ये ती सावत्र झाली. रापुन्झेल आधी चेटकिणीला भाबडेपणाने विचारत होती, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत? (दिवस गेले होते, दुसरं काय!) पुढे तो प्रश्नच गेला. अशा वेळी गोंधळू नका. पुरुषाने बदललं तर ते संपादन, बाईने बदललं तर मोडतोड.

लाल टोपीवालीत विशेष सावध राहा. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या पुस्तकात लांडगा तिला खातो, गोष्ट संपते, आणि खाली पद्यात बोध येतो: मुलींनी अनोळखी माणसांचं ऐकू नये. लांडग्यांसाठी बोध नाही, ते कुठे पुस्तकं वाचतात! ग्रिमांनी शिकारी आणून तिला पोटातून बाहेर काढलं, तेही ठीक. पण त्याच गोष्टीला एक शेपूट आहे. दुसरा लांडगा येतो, आणि आजी नि नात सॉसेज उकडलेलं पाणी दगडी डोणीत ओतून, वासाला भुललेल्या त्या लांडग्याला त्यातच बुडवतात. शिकाऱ्याविना! ते पान चिकटवून टाका.

राहिला निळ्या दाढीवाला. बंद खोलीत आधीच्या बायकांची प्रेतं, आणि पेरोचा बोध काय, तर कुतूहल महागात पडतं. बायकोने किल्ली लावली हीच चूक. तिला वाचवायला दोन भाऊ धावतात, एक ड्रॅगून, दुसरा मस्केटिअर, म्हणजे दोघेही फौजेतले. घराण्याला शोभेल असा शेवट. हीच गोष्ट नव्याने सांगताना इंग्रज लेखिका अँजेला कार्टरने १९७९मध्ये काय करावं? भाऊ काढून टाकले आणि मुलीच्या आईलाच घोड्यावर बसवून पाठवलं, दिवंगत नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर देऊन. एका गोळीत जावई खलास! लेकीच्या संसारात माहेरच्यांनी इतकी ढवळाढवळ करू नये. भावांची गोष्ट वेगळी.