फाटकाची किल्ली

पावसाळा लागला की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन भांडणं ठरलेली. पहिलं धबधब्यांचं. खानापूर तालुक्याच्या जंगलातले, चिखले गावाजवळच्यासारखे धबधबे ऐन पावसात बंद केले की बेळगावातला मावसभाऊ खवळतो. जंगल काय फॉरेस्टवाल्यांच्या बापाचं आहे का, वगैरे. दुसरं भांडण रस्त्याचं, म्हणजे जंगलातल्या गावांना रस्ता द्यावा की नाही याचं. ते जरा खालच्या आवाजात चालतं, कारण आमचं आजोळच खानापुरातल्या भीमगडच्या जंगलात आहे आणि मामाही त्याच ग्रुपवर आहेत.

२०२४ च्या पावसाळ्यात त्याच जंगलातल्या आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी बांबूचं स्ट्रेचर करून, नाले ओलांडत, कित्येक किलोमीटर खांद्यावरून आणलं. तो व्हिडिओ मी इथे कॅनडात, कॅलगरीत ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पाहिला आणि डबा तसाच झाकून ठेवला. आमगाव म्हणजे २०१० साली ज्या गावात दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला ते. आमच्या आजोळी अजून दर मे महिन्यात लाकडाचा साकव घालतात आणि पहिल्या मोठ्या पुरात तो गेला की पुन्हा घालतात.

दोन्ही भांडणांत कुणीतरी शेवटी मला ओढतंच. तुमच्याकडे कसं सगळं शिस्तीत असतं, नाही का गं ताई?

शिस्त कसली डोंबलाची. इथल्या बॅन्फ नॅशनल पार्कातल्या मोरेन लेकचं पार्किंग उन्हाळ्यात रात्रंदिवस भरलेलं असायचं. पहाटे तीनला घरातून निघूनही आम्ही परत फिरलोय. शेवटी २०२३ पासून त्या रस्त्यावर खासगी गाड्याच बंद केल्या. आता शटलने जा, नाहीतर सायकल मारत. तळं आहे तिथेच, बघायलाही मिळतं, फक्त गाडी घेऊन जाता येत नाही.

शेजारच्या योहो पार्कातलं लेक ओहारा त्याहून कडक. अकरा किलोमीटरचा कच्चा रस्ता, त्यावर खासगी गाडी नाही, सायकलसुद्धा नाही. बसच्या मोजक्या जागांसाठी सोडत निघते. आमचं नाव तीन वर्षं निघालं नाही, मग चौथ्या वर्षी सरळ चालत गेलो. चालणाऱ्याला कुणी अडवत नाही. निम्म्या वाटेत ती पिवळी बस धुरळा उडवत शेजारून गेली. आतल्या लोकांनी हात केला. मी केला, नवऱ्याने केला नाही.

त्या धुरळ्यात उभी असताना मला आमगाव आठवलं. हा रस्ता आहे, चांगला आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. आपल्याकडे ही शक्यताच कुणी धरत नाही. रस्ता नको म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शनिवार-रविवारच्या गाड्या असतात आणि हवा म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते स्ट्रेचर. मामांना दोन्ही दिसतं. ते म्हणाले, “रस्ता झाला तर अ‍ॅम्ब्युलन्स येईल की गं. आणि तिच्या मागनं बेळगावची पोरंबी येतील, बाटल्या घेऊन.”

जंगलवाल्यांची भीती खोटी नाही. २०११ साली अभयारण्य झालेलं हे जंगल जेमतेम १९० चौरस किलोमीटर. म्हादई नदीचा उगम तिथला. बारापेडेच्या गुहेत रॉटनच्या नावाने ओळखलं जाणारं वटवाघूळ राहतं, आणि कितीतरी वर्षं जगात त्याची माहीत असलेली वसाहत तेवढी एकच होती. त्या गुहेत टॉर्च मारत कुणी रील काढावं असं मलाही वाटत नाही. मावसभावाला हे पटत नाही, पण त्याला पाचच्या आत घरी परतणंही पटत नाही.

मात्र ‘परदेशात बघा, पार्कात माणूस नसतो’ असं कुणी ग्रुपवर टाकलं की मला गप्प बसवत नाही. बॅन्फ पार्काच्या पोटात आठ हजारांचं अख्खं गाव आहे, हॉटेलं आहेत, स्कीइंग आहे, मधून महामार्ग आणि रेल्वे जाते. महामार्गाला कुंपण घालून प्राण्यांसाठी वरून पूल आणि खालून भुयारं काढलीत, त्याने गाड्यांखाली मरणारी जनावरं खूप कमी झाली, ते शिकण्यासारखं आहे. पण माणसं हलवली नाहीत असं नाही. तिथल्या मूळच्या स्टोनी नाकोडा लोकांना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्याच शिकारीच्या रानातून बाहेर ठेवलं. हॉटेलवाले राहिले, रानवाले गेले. भीमगडमधल्या तळेवाडीतल्या कुटुंबांना स्वेच्छेने बाहेर पडण्यासाठी प्रत्येकी १५ लाख देण्याची योजना वाचली तेव्हा मला आधी हेच आठवलं. ज्यांना शाळा-दवाखान्यासाठी बाहेर यायचंय त्यांनी जरूर यावं, पैसे पूर्ण मिळावेत. पण साकव वाहून जातोय म्हणून गाव सोडलं तर त्याला स्वेच्छा म्हणायचं का?

ज्यांना राहायचंय त्यांना रस्ता द्यावा आणि तोंडाशी फाटक लावावं, असं माझं म्हणणं. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरच्या आतली वनजमीन रस्त्यासाठी देण्याची सोय आहे. अभयारण्यात वन्यजीव कायद्याच्या परवानग्या वेगळ्या लागतात, हे मान्य. पण अ‍ॅम्ब्युलन्स जाईल एवढाच रस्ता, पक्क्या मोऱ्या, गावच्या गाड्यांना पास आणि पाहुण्यांसाठी पावसाळा सोडून मोजक्या जागांची बस. तिकिटाचे पैसे गावाला. गावची पोरं गाईड. चालत येणाऱ्याला ठरल्या वाटेने येऊ द्या. अकरा किलोमीटर चालायचं म्हटलं की निम्मी गर्दी आपोआप गळते, हे मी स्वतःच्या पायांनी पाहिलंय.

हे सगळं मामांना फोनवर सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “फाटकाची किल्ली कुणाकडं?”

गावाकडेच, मी म्हटलं.

“रात्री दोनला कुणाच्या पोटात दुखलं तर बेळगावला अर्ज करायचा नाही ना?”

ते पुढच्या वेळी लिहून पाठव म्हणाले, मराठीत. आणि कन्नडमध्येही, म्हणजे चौकीवरच्याला वाचता येईल. कन्नड मसुदा तपासायला मावसभावालाच दिलाय. त्यात त्याने पार्किंगचा एक मुद्दा घुसवलाय, तो मी काढणार आहे.